दोषांसकट आवडलेले पाच आरपीजी: पुन्हा खेळून लावलेला क्रम

गेले काही महिने मी एकही नवा गेम सुरू केला नाही. एकदा संपवलेले रोल-प्लेइंग गेमच (आरपीजी, म्हणजे आपण घडवलेल्या कॅरेक्टरच्या भूमिकेत शिरून खेळायचे गेम) पहिल्यापासून पुन्हा खेळलो. मला आवडत्या गेमचा क्रम लावायचा होता आणि तो आठवणींवर विसंबून लावायचा नव्हता, कारण आठवणीत चांगले प्रसंगच तेवढे उरतात. लांबलेली भुयारं, क्रॅश, दारात अडकून बसणारे साथीदार यांचा मागमूसही राहत नाही. कसोटी एकच ठेवली: वैताग येतो त्या जागी गेम बंद करावासा वाटतो, की तरीही पुढे जावंसं वाटतं?

पाचवा ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’. ‘हाफ-लाइफ २’ ज्या दिवशी आला त्याच दिवशी, १६ नोव्हेंबर २००४ला, हाही आला आणि तोही अर्धाकच्चा. पुढच्याच वर्षी तो बनवणारा ट्रॉइका स्टुडिओ बंद पडला. चाहत्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त केलेला अनधिकृत पॅच (चुका दुरुस्त करणारी फाइल) टाकल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका. पॅच टाकूनही गटारांचा तो लांबलचक भाग लांबच राहतो, आणि शेवटचे टप्पे नुसत्या मारामारीचे आहेत. संवादांवर भर देऊन कॅरेक्टर घडवलं असेल तर तिथे पुरती कोंडी होते. पण सँटा मोनिकातलं ओशन हाउस हॉटेल आजही अंगावर येतं. मारायला शत्रू कुणीच नाही. दिवे, आवाज आणि आपोआप हलणाऱ्या वस्तू, एवढ्यावर सगळी भीती उभी केली आहे. शिवाय मॅल्केव्हियन, म्हणजे व्हँपायरांच्या वेड्या घराण्यातला, म्हणून खेळलात तर तुमच्या तोंडचे संवाद वेगळेच लिहिलेले मिळतात. पहिल्यांदा कुठलंही दुसरं घराणं घ्या, मॅल्केव्हियन दुसऱ्या खेपेला.

चौथा ‘मॉरोविंड’, २००२चा. तलवार समोरच्या प्राण्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि गेमच्या लेखी वार चुकलेला असतो. वार लागला की नाही हे पडद्यामागे फासे ठरवतात. शस्त्रातलं कौशल्य, चपळाई आणि अंगात उरलेला दम हे सगळं त्या हिशेबात येतं. नवा खेळाडू सगळीकडे धावत जातो, दम संपलेल्या अवस्थेत लढाईत उतरतो आणि हवेत वार करत बसतो. मूळ गेममधली डायरी तर निव्वळ तारीखवार नोंदींचा ढीग होती. क्वेस्टनुसार, म्हणजे मोहिमेनुसार, ती लावायची सोय ‘ट्रिब्युनल’ या नंतर आलेल्या एक्सपान्शनने, म्हणजे जोडभागाने, दिली.

पण हेच आकडे तुमच्या बाजूनेही वळवता येतात. पहिल्या गावातून बाहेर पडून थोडं चाललं की आकाशातून किंचाळत एक जादूगार खाली कोसळतो आणि मरतो. त्याच्या अंगावर उडी प्रचंड वाढवणारी तीन भेंडोळी सापडतात. त्यातलं एक वाचून उडी मारली की अर्धं बेट पायाखालून सरकतं, आणि मंत्राचा असर जमिनीवर टेकायच्या आधीच संपल्यामुळे तुमचीही गत त्याच्यासारखीच होते. मात्र खाली येता येता दुसरं भेंडोळं वाचलं तर वाचता. हे कुणी शिकवत नाही. नकाशावर बाण नाही, कुठे जायचं ते लोकांनी तोंडी सांगितलेल्या खुणांवरून शोधायचं. त्यामुळे एकदा सापडलेली जागा कायमची लक्षात राहते. नेम चुकणाऱ्या तलवारीचा राग या गेममध्ये फार काळ टिकत नाही.

तिसरा ‘डिस्को एलिसियम’ (२०१९). लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती तुमच्या डोक्यात एकमेकांशी वाद घालत असतात. अंगात ताकद कमी ठेवून सुरुवात केली तर पंख्याला लटकलेला टाय ओढताना हृदयविकाराने मरून पहिल्याच खोलीत गेम संपू शकतो, आणि हे नियमाला धरून आहे. माझी तक्रार वेगळी आहे. फसलेली पांढरी चाचणी (फाशांवर ठरणारी, पण पुन्हा करता येणारी) पुन्हा उघडायची तर बहुतेक वेळा त्या कौशल्यात गुण टाकावा लागतो, म्हणून खेळाडू गुण साठवत बसतो. प्रत्येक चाचणीआधी एकेका गुणासाठी टोपी, बूट, कोट बदलत राहणं हाही तसाच प्रकार. इतक्या सुंदर लिखाणाच्या मधोमध ही कपड्यांची उठाठेव खटकते. उपाय आहे: सेव्ह करून पुन्हा लोड करायचा मोह टाळा. यात अपयशाचे प्रसंग यशाइतक्याच जीव ओतून लिहिले आहेत, आणि आपण तोंडघशी पडलो की तपासातला जोडीदार किम कित्सुरागी ज्या संयमाने बाजू सावरतो तो बघण्यासाठी तरी हरावं.

‘द विचर ३’ या पाचांत नाही, याचा राग येणारे बरेच असतील. ब्लडी बॅरनची कथा अव्वल आहे, वाद नाही. पण पौराणिक म्हणून मिळालेली तलवार दोन लेव्हल वर गेलं की भंगारात जाते, आणि मानलेल्या पोरीला शोधायची घाई असलेला नायक वाटेतल्या प्रत्येक गावात ग्वेंट हा पत्त्यांचा डाव खेळत बसतो. ‘बाल्डर्स गेट ३’ अजून ताजा आहे. मात्र त्यात एक गोष्ट सांभाळा: विश्रांती जपून वापरली तर छावणीतल्या साथीदारांच्या कितीतरी भेटी हुकतात. निर्धास्त झोपत जा.

दुसरा ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’, २०१०चा. दीड वर्षात बनवलेला गेम, आणि ते जागोजागी दिसतं. क्रॅश होतो, डोंगरांवर अदृश्य भिंती आडव्या येतात, स्ट्रिप या कसिनोंच्या झगमगाटी रस्त्याचे फाटक आणि लोडिंग घालून तुकडे केले आहेत. सीझरच्या लीजनची (गुलाम बाळगणारी फौज) बाजू घेतली तर करायला तुटपुंजंच काही मिळतं. इतकं असूनही दुसरा, कारण संवादातल्या चाचण्या इथे नशिबावर सोडलेल्या नाहीत. अमुक इतकं कौशल्य हवं, तुमच्याकडे इतकं आहे, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तुम्ही जे कॅरेक्टर घडवलं तेच बोलतं.

आणि व्हॉल्ट ११, अणुयुद्धातून वाचण्यासाठी बांधलेल्या तळघरांपैकी एक. ओसाड तळघरात शिरलं की भिंतींवर निवडणुकीची पोस्टर्स दिसतात. नीट वाचली की लक्षात येतं, सगळा प्रचार उलटा आहे: मला नको, समोरच्याला निवडून द्या. इथे प्रमुखपद कुणालाच का नको होतं, हे संगणकांवरच्या नोंदी वाचत खाली उतरताना हळूहळू उलगडतं. सांगायला जिवंत माणूस एकही उरलेला नाही. शेवटच्या खोलीत जे कळतं ते इथे लिहीत नाही. त्या तळघरासाठी मी कितीही क्रॅश सोसायला तयार आहे.

पहिला ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’, १९९९चा. याची लढाई सरळ सरळ वाईट आहे. क्लिक करा आणि वाट बघा. मोठे मंत्र टाकले की त्यांची लांबच लांब दृश्यं चालतात. सिगिल शहर सोडल्यावर कथेची वीण सैल होते आणि शत्रूंचे घोळके वाढतात. ‘कर्स्ट’ या गावानंतरचा भाग या खेपेलाही मला जड गेला.

पण डाक्कोन या साथीदाराची ती दगडी तबकडी! त्याच्या लोकांचा आदिपुरुष झर्थिमोन याची शिकवण तिच्यात कोरलेली आहे. एक वर्तुळ फिरवायचं, ओळी वाचायच्या. मग डाक्कोन विचारतो, काय समजलं? उत्तर पटलं तरच पुढचं वर्तुळ उघडायला शिकवतो. शहाणपणाचा आकडा चांगला असेल तर एका टप्प्यावर तुम्हाला त्या ओळींत गुरूपेक्षा जास्त दिसू लागतं आणि त्याच्या श्रद्धेतली भेग समोर येते. मग ती तबकडी त्याच्या हाती आली कशी, हे कळतं, आणि त्याच्याशी आजवर झालेलं प्रत्येक बोलणं नव्याने वाचावं लागतं. हे सगळं बसल्या जागी, तलवार न उपसता घडतं.

आज सुरुवात करणार असाल तर २०१७ची एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, घ्या. गुण शहाणपण, बुद्धी आणि छाप पाडण्याच्या क्षमतेत टाका, ताकदीत नको. भेटेल त्याच्याशी शेवटपर्यंत बोला. मरायला भिऊ नका, नायक बहुतेक वेळा पुन्हा उठतोच. आणि कर्स्टनंतर घोळका दिसला की जमेल तिथे लढू नका, सरळ पळत सुटा.