खुर्ची सोडण्यापूर्वीचे कुलूप : स्क्रीन लॉक करणाऱ्या शॉर्टकटचा अनुभव

संगणकासमोरून उठताना कीबोर्डवरूनच स्क्रीन लॉक करण्याची सोय विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत आहे; ती तिन्हीकडे सारखीच चांगली आहे, असे मात्र नाही. कार्यालयात विंडोज, घरी मॅक आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असा माझा रोजचा वावर असल्यामुळे हे सगळे शॉर्टकट दिवसभर हाताखालून जातात. त्यांना मी एकच कसोटी लावतो : खुर्ची मागे सरकवता सरकवता, कीबोर्डकडे न पाहता, पहिल्याच प्रयत्नात स्क्रीन लॉक होते का? ज्या लॉकसाठी थांबून विचार करावा लागतो, ते घाईच्या वेळी लावले जात नाही, आणि उघड्या स्क्रीनचा धोका नेमका घाईच्या वेळीच असतो.

हे मला एका प्रसंगाने शिकवले. एका सहकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनाचा मसुदा मी लिहीत होतो आणि प्रिंटरवरून कागद आणायला म्हणून दोन मिनिटांसाठी उठलो. परत आलो तेव्हा तोच सहकारी एक फाईल ठेवायला माझ्या टेबलापाशी उभा होता आणि स्क्रीनवर त्याच्या नावाखालचे अर्धे वाक्य तसेच उघडे होते. त्याने ते वाचले की नाही, हे मी विचारले नाही आणि तोही काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून लॉक न करता मी जागेवरून उठलेलो नाही.

माझ्या कसोटीला सर्वांत चांगले उतरते ते विंडोज. विंडोजचे बटण दाबून ठेवायचे आणि एल दाबायचा, एवढेच. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून हा शॉर्टकट बदललेला नाही, त्यामुळे एकदा लागलेली सवय नव्या आवृत्तीत मोडत नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण आहे. लॉक शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तो बेतलेला असल्याने नवख्या माणसालाही एकदा सांगितला की पुरतो. ‘खरेच लॉक करायचे का’ असा प्रश्न विचारला जात नाही, उघडी कामे बंद होत नाहीत, चालू असलेले डाउनलोड मागे चालूच राहते आणि परत येऊन पिन टाकला की कर्सर होता त्याच शब्दावर सापडतो. लॉक आणि साइन आउट (म्हणजे उघडी कामे बंद करून खात्यातून बाहेर पडणे) या दोन गोष्टींत गल्लत करून ‘काम बंद पडेल’ या भीतीने लॉक टाळणारे लोक मी पाहिले आहेत; ती भीती निराधार आहे.

उणीव आहे ती हातांच्या जागेची. विंडोजचे बटण डाव्या कोपऱ्यात आणि एल उजव्या हाताच्या अनामिकेखाली, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. कानाला फोन लावून उठताना हे जाणवते. उजवीकडेही विंडोजचे बटण असलेल्या कीबोर्डवर एका हाताने काम भागते, पण अनेक लॅपटॉपवर ते बटण दिलेलेच नसते. गेमिंगच्या कीबोर्डवर गेम मोड (खेळताना चुकून बटण दाबले जाऊ नये यासाठीची सोय) चालू राहिला असेल तर विंडोजचे बटण मुद्दाम निकामी केलेले असते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून येणाऱ्या यादीतला पहिलाच पर्याय, म्हणजे लॉक, निवडावा. रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे आपल्या संगणकावरून दूरचा संगणक उघडून, काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की विंडोज आणि एल दाबल्यावर लॉक होतो तो आपल्या समोरचा संगणक. दूरच्या संगणकासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एंड दाबून तिथला लॉकचा पर्याय घ्यावा लागतो.

मॅकवर २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपासून कंट्रोल, कमांड आणि क्यू हा शॉर्टकट मिळतो. तिन्ही बटणे डावीकडे असल्याने तो एका हाताने दाबता येतो आणि त्या बाबतीत विंडोजपेक्षा सरस आहे. तरीही मी त्याला दुसरा क्रमांक देतो, कारण त्याचा शेजार वाईट आहे. कंट्रोलवरचे बोट निसटले तर उरतात कमांड आणि क्यू, म्हणजे समोरचे अ‍ॅप बंद. कंट्रोलऐवजी शिफ्ट दाबले गेले तर थेट लॉग आउटची विचारणा. घाईत वापरायच्या सोयीपासून एका बोटाच्या चुकीवर अ‍ॅप बंद करणारा शॉर्टकट असावा, हे मला मुळीच पटत नाही. टच आयडी, म्हणजे बोटाचा ठसा ओळखणारे बटण, असलेल्या मॅकवर ते बटण एकदा हलकेच दाबले तरी स्क्रीन लॉक होते, आणि माझ्या मते तोच मार्ग धरावा.

लिनक्समध्ये उत्तर डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी सांभाळणाऱ्या प्रणालीवर, अवलंबून असते; ग्नोम, एक्सएफसीई आणि केडीई हे असे डेस्कटॉप. ग्नोममध्ये सुपर (विंडोजच्याच बटणाचे लिनक्समधले नाव) आणि एल, म्हणजे विंडोजचीच सवय कामी येते. एक्सएफसीईमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एल चालते, तर केडीईमध्ये दोन्ही प्रकार चालतात. प्रोग्रामिंग करणाऱ्यांची येथे एक खास अडचण होते : इंटेलिजे आयडिया या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडची मांडणी नीट करण्याचा शॉर्टकटही कंट्रोल, ऑल्ट आणि एल हाच आहे, त्यामुळे कोड नीट करायला जावे आणि स्क्रीन लॉक व्हावी, असे घडते. केडीईच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डेस्कटॉपचा हा जादा शॉर्टकट काढून टाकला आणि सुपर आणि एल तेवढा ठेवला, की हा त्रास संपतो.

विंडोज १० पासून मिळणारे डायनॅमिक लॉकही मी वापरून पाहिले. ब्लूटूथने जोडलेला फोन दूर गेला की संगणक आपोआप लॉक होतो, पण लगेच नाही. मधल्या वेळात स्क्रीन उघडीच राहते आणि फोन टेबलावर विसरला तर लॉक होतच नाही. विसरलेल्या वेळेसाठी आधार म्हणून ते चालू ठेवावे, हाताच्या सवयीची जागा मात्र त्याला देऊ नये.

शॉर्टकट कोणताही असो, खात्याला पासवर्ड किंवा पिन नसेल तर हे सारे व्यर्थ आहे, कारण लॉक झालेली स्क्रीन कोणतेही बटण दाबून उघडते. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या नोटिफिकेशन्सही आपण होऊन बंद कराव्या लागतात. माझ्या संगणकावर कुलूप लागल्यानंतरही नव्या निरोपांचे पहिले शब्द बाहेर दिसत असत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखालील नोटिफिकेशन्समध्ये लॉक स्क्रीनवर त्या दाखवण्याची खूण काढली, तेव्हा ते थांबले.