डेकचा इतिहास वाचायचा तर आधी कोणतं पुस्तक?

कॉम्प्युटर कंपनीच्या इतिहासावरचं पुस्तक हातात आलं की मी सगळ्यात आधी ते कोणत्या साली छापलंय ते बघतो. ही सवय मला डेकवरच्या पुस्तकांनी लावली. डेक म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन. तिच्यावरचं मी वाचलेलं पहिलं पुस्तक १९८८ सालचं होतं. दोन दिवसांत संपवलं, इतकं ते रंगलं होतं. शेवटचं पान मिटताना वाटलं, या कंपनीला आता कोण हात लावणार! मग कळलं, की पुस्तक छापून चार वर्षं होतात न होतात तोच संस्थापकाला पायउतार व्हावं लागलं आणि दहा वर्षांत अख्खी कंपनी विकली गेली. पुस्तकात खोटं काहीच नव्हतं. पुढचं लेखकांना दिसत नव्हतं, एवढंच.

म्हणून डेकवरची पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून बघावीशी वाटली. सगळी वाचायला वेळ नसेल आणि त्यातली एक-दोनच निवडायची असतील, तर कोणत्या पुस्तकातून काय मिळेल हे आधी माहीत असलेलं बरं.

कंपनीची ओळख थोडक्यात करून देतो. केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे एमआयटीच्या लिंकन लॅबमधले दोन तरुण इंजिनिअर. १९५७ मध्ये त्यांनी जॉर्ज डोरिओ यांच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या गुंतवणूक कंपनीकडून ७० हजार डॉलर घेतले, बदल्यात ७० टक्के मालकी दिली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत भाड्यानं जागा घेतली. 'कॉम्प्युटर' हा शब्द तेव्हा गुंतवणूकदारांना धडकी भरवायचा. म्हणून सुरुवात लॉजिक मॉड्यूल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे तयार सुटे भाग, विकण्यापासून झाली आणि पुढे यंत्र तयार झालं तेव्हाही त्याचं नाव ठेवलं 'प्रोग्राम्ड डेटा प्रोसेसर', म्हणजेच पीडीपी. १९६५ मध्ये १८ हजार डॉलरचा पीडीपी-८ आला आणि कॉम्प्युटर मोठ्या संस्थांच्या खास खोल्यांमधून निघून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात येऊन बसला. १९७० चा पीडीपी-११, ज्याच्यावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वाढली. १९७७ चा व्हॅक्स, पीडीपी-११ च्या पुढचं मोठं यंत्र. ऐन भरात सव्वा लाखाच्या आसपास माणसं कामाला होती आणि पुढे फक्त आयबीएम होती. १९९८ मध्ये कॉम्पॅकनं ही कंपनी ९.६ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २००२ मध्ये कॉम्पॅकच एचपीमध्ये विलीन झाली. (कंपनीला स्वतःला 'डिजिटल' म्हणवून घ्यायला आवडायचं, पण वापरणाऱ्यांच्या तोंडी 'डेक'च राहिलं.)

आता ते १९८८ चं पुस्तक: ग्लेन रिफकिन आणि जॉर्ज हॅरर या पत्रकारांचं 'द अल्टिमेट आंत्रप्रन्योर'. नावावरूनच त्याचा काळ ओळखता येतो. १९८६ मध्ये 'फॉर्च्यून'नं ओल्सन यांना अमेरिकेचे सर्वांत यशस्वी उद्योजक म्हणून मुखपृष्ठावर घेतलं होतं आणि पुस्तक त्याच हवेत लिहिलं गेलं. पत्रकारांची शैली असल्यानं वाचायला सोपं आहे. गिरणीतले सुरुवातीचे दिवस, ओल्सन यांचा साध्या राहणीमानाचा आग्रह, एकेका यंत्रामागची धावपळ, भांडणं, सोडून गेलेली माणसं हे सगळं त्यात जिवंतपणे येतं. व्यवस्थापनाची फारशी माहिती नसलेल्या माणसालाही ते कळतं. सुरुवातीच्या तीस वर्षांचा सलग, क्रमवार इतिहास हवा असेल, तर माझ्या मते आजही हेच पुस्तक घ्यावं. मात्र ते आता जुन्या बाजारातच शोधावं लागतं.

दुसरं २००३ चं: एडगर शाइन यांचं 'डेक इज डेड, लाँग लिव्ह डेक'. शाइन हे एमआयटीतले संस्थासंस्कृतीचे अभ्यासक. १९६६ पासून ते डेकचे सल्लागार होते, म्हणजे बाहेरचे असूनही पंचवीस वर्षं आतल्या बैठकांना बसलेले. त्यांच्या पुस्तकात गोष्ट कमी आणि निदान जास्त. डेकमधल्या वरिष्ठांच्या बैठकांचं त्यांनी केलेलं वर्णन मी विसरू शकत नाही. लोक एकमेकांना बोलू देत नाहीत, आवाज चढतात, कुणी कुणाची भीड ठेवत नाही, आणि ओल्सन बराच वेळ गप्प बसून ऐकतात. पाहुण्याला वाटेल भांडण चाललंय. पण तिथल्या माणसांच्या दृष्टीनं ती सत्य शोधायची रीत होती. जी कल्पना सगळ्यांच्या माऱ्यातून टिकून बाहेर येईल, तीच खरी. आणि ज्यानं सुचवलं, त्यानंच ते करून दाखवायचं.

शाइन यांचं म्हणणं असं, की याच रीतीनं डेकला मोठं केलं आणि कंपनी मोठी झाल्यावर हीच रीत तिला नडली. एकमेकांना पुरतं ओळखणारी पन्नास माणसं भांडतात तेव्हा त्यातून चांगलं यंत्र निघतं. हजारो माणसांच्या गटांचे प्रतिनिधी भांडायला लागले, की प्रत्येक जण आपापला इलाका राखतो. शिवाय नव्याचा ध्यास तिथल्या रक्तात होता, धंद्याचा नव्हता. नको असलेला प्रकल्प वेळेवर बंद करणं त्यांना जमलं नाही. वाचताना मधली काही प्रकरणं जड जातात, व्यवस्थापनशास्त्राची परिभाषा आडवी येते. तरी नेटानं वाचावं, कारण पुस्तकाच्या अखेरीस एक मोलाची गोष्ट आहे: गॉर्डन बेल यांचं टिपण. बेल हे पीडीपी आणि व्हॅक्सच्या रचनेमागचे मोठे इंजिनिअर. ते दोषाचं माप संस्कृतीपेक्षा वरच्या फळीच्या पदरात टाकतात. मुख्य लेखकाशी मतभेद असलेला माणूस त्याच पुस्तकात बोलतो, हे कंपन्यांच्या इतिहासात फार क्वचित दिसतं.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवण्यात खरी मजा आहे. १९८२ ची घटना घ्या. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर येऊन वर्षही झालं नव्हतं आणि डेकनं एकदम तीन डेस्कटॉप यंत्रं जाहीर केली: रेनबो, प्रोफेशनल आणि डेकमेट. तिन्ही वेगळी आणि गिऱ्हाइकासाठी आपसातच झुंजणारी. तिन्ही पडली. १९८८ मधून बघणाऱ्याला ही ठेच दिसते, कारण तोवर व्हॅक्सच्या जोरावर कंपनी पुन्हा उसळून वर आली होती. २००३ मधून बघणाऱ्याला तीच गोष्ट दुखण्याचं पहिलं ठळक लक्षण वाटते. तिघांपैकी दोघांना नाही म्हणणारं कुणी नव्हतं, निकाल बाजारावर सोडला गेला. घटना तीच, वर्ष तेच, यंत्रंही तीच. वाचणाऱ्याला दोन्ही नजरा मिळाल्या तर चित्र पुरं होतं. पण एकच पुस्तक घेणं शक्य असेल, तर मी २००३ चं घ्या म्हणेन, कारण शेवट माहीत असलेला लेखक मधली पानंही वेगळ्या काळजीनं लिहितो.

तिसरं पुस्तक सगळ्यांसाठी नाही, पण माझं सर्वांत लाडकं आहे: बेल, मज आणि मॅकनमारा यांचं 'कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: अ डेक व्ह्यू ऑफ हार्डवेअर सिस्टिम्स डिझाइन', १९७८ चं. हे कंपनीच्याच प्रकाशनानं काढलं. कंपनीनं स्वतःवर काढलेलं पुस्तक म्हटलं की आपण सावध होतो, आणि व्हायलाच हवं. इथे मात्र लिहिणारे ती यंत्रं घडवणारेच आहेत आणि आपल्या चुका ते तोंडानं सांगतात. पीडीपी-११ मध्ये मेमरीतल्या जागेचा पत्ता १६ बिटांचा, म्हणजे सोळा शून्य-एकांचा, त्यामुळे प्रोग्रामला एका वेळी ६४ किलोबाइटच दिसणार. मेमरी स्वस्त होत गेली तशी सगळे या भिंतीवर आदळू लागले. पत्त्याला बिट कमी ठेवण्याची चूक नंतर सावरणं सर्वांत अवघड असतं, हे लेखक स्पष्ट लिहितात. व्हॅक्स ३२ बिटांचा का झाला, हे त्या प्रकरणातून जितकं नीट समजतं तितकं कुठल्याही चरित्रातून समजत नाही. आकृत्या, किमतींचे आलेख, उघड्या कॅबिनेटचे फोटो यांनी पुस्तक भरलेलं आहे. ओल्सन आणि अँडरसन यांच्यात काय बिनसलं, हे मात्र यात शोधू नका. बिटसेव्हर्स या ऑनलाइन संग्रहात त्याची स्कॅन केलेली प्रत फुकट वाचता येते, तेव्हा आधी दोन प्रकरणं चाळून बघायला काहीच हरकत नाही.

चौथं पुस्तक डेकवर नाहीच, तरी ते या रांगेत हवं: ट्रेसी किडर यांचं 'द सोल ऑफ अ न्यू मशीन', १९८१ चं, पुलित्झर मिळालेलं. ते डेटा जनरलचं आहे. ही कंपनी १९६८ मध्ये डेकमधूनच फुटून निघाली. पीडीपी-८ च्या रचनेतले एडसन डी कॅस्ट्रो तिचे प्रमुख. व्हॅक्सला उत्तर म्हणून त्यांच्या इंजिनिअरांनी ३२ बिटांचं यंत्र कसं उभं केलं, त्याची ही कथा. किडर स्वतः तांत्रिक माणूस नव्हते. ते टीमसोबत बसून राहिले, रात्री-अपरात्रीची दुरुस्ती बघत राहिले. त्यातला एक प्रसंग डेकच्या वाचकानं वाचायलाच हवा. टीमचा म्होरक्या टॉम वेस्ट ओळखीच्या माणसाकरवी एका ठिकाणी बसवलेला व्हॅक्स उघडून बघतो. एकेक बोर्ड बाहेर काढतो, मोजतो, खर्चाचा अंदाज बांधतो. आणि त्या बोर्डांच्या मांडणीत त्याला डेकच्या कारभाराचा नकाशाच दिसू लागतो: फार सावध, फार गुंतागुंतीचा. शाइन यांनी बावीस वर्षांनी जे अख्ख्या पुस्तकात सांगितलं, त्याची चाहूल या एका प्रसंगात आहे. कॉम्प्युटरचा इतिहास पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी हेच आधी देतो. याची गोडी लागली की बाकीची पुस्तकं आपोआप मागितली जातात.

हार्लन अँडरसन यांचं आत्मकथन 'लर्न, अर्न अँड रिटर्न' २००९ चं. १९६६ मध्ये ते डेक सोडून गेले, त्यामुळे कंपनीच्या सुरुवातीबद्दल दुसऱ्या संस्थापकाची बाजू त्यातून कळते. मुख्य पुस्तक म्हणून मात्र घेऊ नये. ओल्सन यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर स्मिथसोनियनच्या संग्रहालयासाठी १९८८ मध्ये घेतलेली त्यांची दीर्घ मुलाखत वाचावी. त्यात त्यांचं बालपण आणि लिंकन लॅबचे दिवस ऐकताना माणूस जवळचा वाटू लागतो.

दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या पारख करायची असेल तर मी पुस्तकाच्या शेवटची विषयसूची उघडतो. डेकसाठी तीन नोंदी बघायच्या: १९६८ मध्ये डी कॅस्ट्रो बाहेर पडले ते, १९८२ चा रेनबो, आणि १९८३ मध्ये गॉर्डन बेल यांनी कंपनी सोडली ते. प्रत्येकाला दोन-तीन पानं तरी मिळाली असतील तर लेखकानं अवघड जागा टाळलेल्या नाहीत. एखादीच ओळ असेल तर पुस्तक परत ठेवावं. आणखी एक खूण म्हणजे, घरात कुणाला कॉम्प्युटर कशाला हवा, या अर्थाचं ओल्सन यांचं १९७७ चं वाक्य. ते बोलत होते सगळं घर चालवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल. संदर्भ न देता ते वाक्य हसं करायला वापरणाऱ्या लेखकाच्या बाकीच्या पानांवर मी फारसा विसंबत नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीवरचं पुस्तक बघत असाल तर तिच्याही अशा तीन अडचणीच्या जागा आधी शोधून ठेवा. तासाभराचं काम आहे.

तेव्हा नवख्यानं किडर, उद्योग चालवणाऱ्यानं किंवा माणसं सांभाळणाऱ्यानं शाइन, सोल्डरिंगचा वास आवडणाऱ्यानं बेल आणि मंडळी, आणि फक्त रंगलेली गोष्ट हवी असणाऱ्यानं रिफकिन-हॅरर घ्यावं. रिफकिन-हॅरर संपवलं की त्याच आठवड्यात शाइन यांचं सुरू करा. गिरणीतली माणसं आठवणीत ताजी असतानाच त्या बैठका वाचायला हव्यात.