क्यूस्पिन, आठ महिन्यांनंतर: जुन्या लॅपटॉपवर स्पिनची साखळी

क्यूस्पिन ही क्वांटम स्पिनच्या साखळ्यांच्या ऊर्जा संगणकावर काढणारी पायथनची मोफत लायब्ररी मी आठ महिने जवळजवळ रोज वापरतोय. नाशिकला एम.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. एकमितीय क्वांटम चुंबकातली सामूहिक उत्तेजनं फळ्यावर समजावताना दरवर्षी एकच अडचण यायची: ‘स्पिनॉन’ हा शब्द मुलांना पाठ व्हायचा, पण तो येतो कुठून, हे काही केल्या पोचायचं नाही. अशी उत्तेजनं न्यूट्रॉनच्या माऱ्याने मोजतात; तो प्रयोग इथे होणार नाही. म्हटलं, निदान स्पिनची, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांची, साखळी तरी मुलांच्या हातात देऊ. माझा लॅपटॉप पाच वर्षं जुना, रॅम ८ जीबी.

पहिला आठवडा एका चुकीत गेला, आणि ती माझीच होती. दहा स्पिनचं कडं (टोकं जोडलेली साखळी), शेजाऱ्यांमध्ये हायझेनबर्गचं बळ, म्हणजे शेजारच्या स्पिनना उलट दिशेला वळवणारी जोडणी. दर स्पिनमागे सगळ्यात कमी ऊर्जा उणे ०.४५१५ यायला हवी, येत होती उणे १.८०६. चिन्हं तपासली, कडं नीट जुळलंय का पाहिलं. मग लक्षात आलं की आकडा बरोबर चौपट आहे. लायब्ररी मुळात पाउली मॅट्रिक्स (स्पिन मांडायचे गणिती तक्ते) धरते, आणि त्या स्पिन-अर्ध्याच्या दुप्पट असतात. दोन स्पिनचा गुणाकार, म्हणून चौपट. माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे. नव्याने घेणाऱ्यांनी ‘पाउली’चा पर्याय आधी बंद करावा.

त्यानंतर जे मिळालं त्यासाठी हे लिहितोय. चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून एक साखळी मांडली: शेजाऱ्याशी जेवढं बळ, त्याच्या निम्मं पलीकडच्याशी. बारा स्पिनच्या कड्यावर ते चालवलं आणि पडद्यावर सगळ्यात कमी ऊर्जा उणे ४.५ आली. खाली पुन्हा उणे ४.५. एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, दोनदा का आलं?” कारण स्पिन दोन-दोनच्या जोड्या करतात आणि जोड्या लावायच्या रीती दोनच. मुलांना ओळीत हात धरून उभं केलं. एक जोडी सोडवली, मग शेजारच्यांना जोडीदार बदलायला लावलं. सुटलेली दोन मुलं एकमेकांपासून लांब लांब सरकत गेली. उत्तेजन एकच, स्पिन १ चं. पण त्याचे दोन तुकडे झाले, प्रत्येकी अर्ध्या स्पिनचे. स्पिनॉन म्हणजे काय, ते त्या दिवशी वर्गाला कळलं.

गॅपचं, म्हणजे सगळ्यात खालच्या आणि त्यावरच्या पातळीतल्या ऊर्जेच्या फरकाचं, पाहा. साध्या हायझेनबर्ग कड्यात चार स्पिन घेतले तर स्पिन-अर्धा आणि स्पिन-एक दोन्हींचा गॅप नेमका १ येतो (बळाच्या एककात). पुढे वाटा फुटतात. सहा, आठ, दहा स्पिनला अर्ध्याचा ०.६८, ०.५२, ०.४२ असा उतरत जातो आणि अनंत साखळीत शून्य होतो. एकचा ०.७२, ०.५९, ०.५२, बाराला ०.४८, आणि तो ०.४१ च्या आसपास थांबतो. भौतिकशास्त्रज्ञ डंकन हॅल्डेन यांनी १९८३ मध्ये सांगितलं ते हेच. मी हे वीस वर्षं शिकवत आलो, पण आकडे एकाखाली एक उतरताना पाहणं वेगळंच होतं.

संवेगानुसार (कड्यावर लाट कशी सरकते त्यानुसार) अवस्थांचे गट पाडायची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. वीस स्पिनच्या एकूण अवस्था १०,४८,५७६. निम्मे वर-निम्मे खाली धरले की १,८४,७५६. संवेग ठरवला की एका गटात सव्वानऊ हजारांच्या आसपास. प्रत्येक संवेगाची सगळ्यात खालची पातळी काढली की बिंदू द क्लॉइझो आणि पिअर्सन यांनी १९६२ मध्ये अनंत साखळीसाठी काढलेल्या कमानीच्या रेषेत बसू लागतात. लहान कड्यात ते थोडे सरकलेले दिसतात, तेवढं मुलांना आधीच सांगावं.

मर्यादा आहेत. चोवीस स्पिन माझ्या लॅपटॉपवर निघतात, अठ्ठावीसला निम्मे वर-निम्मे खाली धरूनही चार कोटींवर अवस्था होतात आणि मेमरी संपते. द्विमितीय जाळीत तर हाताशी फारच लहान तुकडा उरतो. जुलैच्या पावसात एका रात्री वीज गेली, जुन्या बॅटरीने साथ दिली नाही, आणि सगळ्या संवेगांची आकडेमोड पुन्हा करावी लागली. आता प्रत्येक गट झाला की फाइलमध्ये लिहून ठेवतो.

तीच विद्यार्थिनी सध्या स्पिन-एकचं चौदाचं कडं चालवतेय. वरचे-खालचे सारखे धरले की ६,१६,२२७ अवस्था आहेत. गॅप ०.४६ च्या जवळ येईल असं तिने वहीत आधीच लिहून ठेवलंय.