कारखान्यात आहारशिक्षण द्यायचंय: व्याख्यान, गटबैठक, कॅन्टीन की तपासणी?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत टॉवेल, चादर नाहीतर गणवेशाचं युनिट चालवणाऱ्याने कामगारांच्या हृदयासाठी काही करायचं ठरवलं, की त्याच्यापुढे साधारण चार मार्ग असतात. आहारतज्ज्ञाचं एक व्याख्यान, दर आठवड्याच्या छोट्या गटबैठका, कॅन्टीनच्या जेवणात बदल आणि तपासणीसोबत प्रत्येकाला वेगळा सल्ला. आमचं मत आधीच सांगतो. कॅन्टीन असेल तर पहिला खर्च तिथे करा. सगळे डबा आणत असतील तर गटबैठका घ्या. तपासणी दोन्हीच्या जोडीला हवी, पण पुढचा पाठपुरावा कोण करणार हे ठरल्यावरच.

आधी वेळ बघू. 100 कामगार धरले तर तासाभराच्या व्याख्यानात 100 तास जातात. 20 मिनिटांच्या 8 बैठकांना सुमारे 267 तास लागतात. तपासणीला माणशी 15 मिनिटं धरली तर 25 तास होतात, पाठपुरावा वेगळा. कॅन्टीनच्या बदलात कामगाराचा वेळ जवळपास जातच नाही, कारण शिकायचं असतं ते आचाऱ्याने. पीस रेटवर काम करणाऱ्या बाईला शिलाई मशीनवरून उठवून बसवलं तर तिची तेवढी मजुरी बुडते, आणि दुसऱ्या बैठकीला ती येत नाही. बैठकीच्या वेळेची मजुरी देणार नसाल तर पहिले दोन पर्याय सुरूच करू नका.

व्याख्यान

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी टिकणारं. कोलेस्टेरॉल म्हणजे काय हे लोकांना कळतं, पण संध्याकाळी ताटात तेच पडतं. त्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी कामगारांची घरची भाषा तेलुगू, बाकीच्यांत कानडी आणि उर्दूही. पुस्तकी मराठीतलं 'संपृक्त मेद' त्यांच्या डोक्यावरून जातं. पुढच्या कार्यक्रमाची घोषणा म्हणून व्याख्यान ठेवा, त्याहून जास्त अपेक्षा नको.

नुसत्या शिक्षणाची मर्यादा मोजलीही गेली आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या 160 ठिकाणच्या सुमारे 33,000 कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार, व्यायाम वगैरेंचे वर्ग घेतल्यावर 18 महिन्यांनी लोक आपल्या सवयी सुधारल्याचं सांगत होते, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि वजनाच्या आकड्यांत ठळक फरक पडला नव्हता.

कॅन्टीन

1948 च्या कारखाना कायद्यात 250 पेक्षा जास्त कामगारांना कॅन्टीनचं बंधन होतं. 2020 च्या नव्या कामगार संहितेत हा आकडा 100 वर आला आहे. म्हणजे मध्यम युनिटलाही हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

सुरुवात हिशोबाने करा. समजा 60 जण जेवतात आणि महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,560 ताटं. महिन्याला 15 किलोचे दोन डबे तेल लागत असेल तर ताटामागे 19 ग्रॅम झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये 2,000 कॅलरीच्या दिवसभराच्या आहारासाठी जे ताट सुचवलं, त्यात अख्ख्या दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम आहे. अंगमेहनतीच्या माणसाला थोडं जास्त चालेल, पण एका जेवणात 19 नाही. मिठाचंही तसंच. महिन्याला 5 किलो मीठ लागलं तर ताटामागे 3.2 ग्रॅम, लोणचं आणि पापड सोडून. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम आहे.

आचाऱ्याला 'तेल कमी टाक' म्हणून काहीच होत नाही. त्याच्या हातात पळी असते आणि पळीला माप नसतं. लक्ष्य ताटामागे 11 ग्रॅम धरलं तर 60 जणांना 660 ग्रॅम, म्हणजे सुमारे 725 मिली तेल. तेवढं सकाळी मोजून बाटलीत काढून द्यायचं आणि डबा कुलपात ठेवायचा. मिठाचं लक्ष्य ताटामागे 2 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 120 ग्रॅम. तेही वजन करून एका डब्यात द्यायचं. टेबलावरची मीठदाणी उचलायची. मागितलं तर द्यावं, समोर ठेवू नये.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकदम कपात. पहिल्याच सोमवारी आमटी अळणी लागते, बुधवारपासून लोक घरून लोणच्याची बाटली आणतात आणि मीठ होतं त्याहून वाढतं. दर पंधरवड्याला 10 टक्के कमी करा. 3.2 ग्रॅमवरून 2 च्या आसपास यायला चार टप्पे, म्हणजे दोन महिने लागतात. तोवर जीभ सरावते. तेलाचंही याच चालीने. तवंग गेला की 'भाजीला चव नाही' अशी तक्रार येते. त्यावर भाजलेला कांदा-लसूण, थोडं दाण्याचं कूट आणि रंगाला बेडगी मिरची पुरते.

कंत्राटात तेलाचं नाव लिहून घ्या, नाहीतर दर परवडावा म्हणून पाम तेल किंवा वनस्पती तूप येतं. 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदावर) 2 टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण वनस्पती तुपातला बाकीचा घट्ट मेदही हृदयाला चांगला नाही. भजीचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरलं जातं, तेही थांबवा. तेल काळपट, चिकट झालं, फेस धरायला लागलं किंवा लवकर धुरायला लागलं की टाकून द्यायचं.

कमी सोडियमचं मीठ घ्यावं का? चीनच्या ग्रामीण भागात सुमारे 21,000 लोकांवरच्या चाचणीत (2021) अशा मिठाने पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाला. पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. सगळ्यांच्या सामायिक भांड्यात आम्ही ते घालणार नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा 'घाम जातो, मीठ लागतंच' हा युक्तिवाद हमखास येतो. डाईंगमध्ये किंवा बॉयलरजवळ तासन् तास घाम गाळणाऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. त्यांना पाणी, ताक आणि गरज पडली तर ओआरएस द्या, त्यांच्या मिठावर कडक कपात नको. पंख्याखाली बसून शिलाई करणाऱ्यांना रोजच्या जेवणातलं मीठ पुरून उरतं.

चहा शेवटी. थर्मासात साखर घालूनच चहा आला तर कमी करायची सोयच राहत नाही. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे 40 ग्रॅम साखर. साखर वेगळी ठेवा आणि खारी-टोस्टऐवजी फुटाणे किंवा केळ द्या.

गटबैठका

डबा आणणाऱ्यांच्या युनिटसाठी हाच मार्ग. 12 ते 15 जण, 20 मिनिटं, 8 आठवडे, शिफ्ट सुरू होण्याआधी. मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून शेडबाहेर बसा. बोलणारा गटाच्या भाषेतला हवा. दर बैठकीला एकच विषय आणि समोर खरी वस्तू.

शेंगा चटणीचं उदाहरण घ्या. पाव किलो चटणीत दोन सपाट चमचे, म्हणजे 10 ग्रॅम मीठ असेल तर 15 ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात 0.6 ग्रॅम मीठ जातं. तीन चमच्यांत 1.8, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. चटणी सोडायला सांगू नका. शेंगदाण्यातला मेद बहुतांशी चांगलाच आहे. घरी तीच चटणी निम्म्या मिठात करायला सांगा. भाकरीत मीठ नसतं किंवा नाममात्र असतं, म्हणून भाकरीचा डबा मुळात चांगला. त्यात भर घालायची ती उसळीची आणि काकडी-कांद्याची.

एक बैठक घरच्यांसोबत घ्या. डबा भरणारी बाई तिथे नसेल तर पुरुषाला शिकवून डब्यात काहीच बदलत नाही. तंबाखू आणि माव्याचा विषय वगळू नका. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

तपासणी

शिबिरातला रक्तदाब बऱ्याचदा चुकीचा येतो, कारण माणूस जिना चढून, चहा किंवा तंबाखू घेऊन थेट खुर्चीत बसतो. अर्धा तास आधी दोन्ही बंद, पाच मिनिटं शांत बसणं, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला आणि मिनिटाच्या अंतराने दोन मापं. 140/90 किंवा जास्त आलं तर आठवडा-दोन आठवड्यांत परत मोजा. 180/110 च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटीमीटरच्या वर गेली तर त्याचीही नोंद हवी.

आकडे सुपरवायझरच्या हाती गेले की पुढच्या वर्षी लोक रजा टाकतात. अहवाल बंद पाकिटात थेट कामगाराला द्या. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत येतो. त्याला औषधं तिथून सुरू करता येतात, म्हणून तपासणीच्या दिवशीच कुणाचं विमा कार्ड अडलंय ते बघून घ्या. ज्याला गोळी सुरू झाली त्याला तीन महिन्यांनी परत मोजायला बोलवा. हे काम कोण करणार त्याचं नाव शिबिराची तारीख ठरवण्याआधी कागदावर यायला हवं.