पार्ट बदलणारा की बिघाड शोधणारा? फ्रिज कोणाच्या हाती द्यावा

वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच माणसाला बोलवा. बाहेरच्या कोणी मशीन उघडले तर वॉरंटी जाऊ शकते. वॉरंटी संपल्यावर मात्र सर्व्हिस सेंटर की बाहेरचा मेकॅनिक यापेक्षा येणारा माणूस मीटर लावतो की अंदाज बांधतो, हे पाहा. दोन्ही प्रकारची माणसे दोन्हीकडे आहेत.

एकच तक्रार घेऊ. फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रिज: फ्रीझर गार आहे, पण खालच्या कप्प्यातले दूध नासतेय.

पार्ट बदलणारा मागे हात लावून पाहतो, ‘गॅस गेला’ म्हणतो आणि भरून देतो. पण फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही, तो सीलबंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

जाणकार आधी फ्रीझरच्या आतले मागचे कव्हर काढून कॉइल (गारवा देणारी वेटोळ्यांची नळी) बघतो. सगळ्या कॉइलवर जाड पांढरा थर असेल तर डीफ्रॉस्टवर, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेवर, संशय घ्यायचा: हीटर, बायमेटल थर्मोस्टॅट, टायमर किंवा सेन्सर. बर्फाने वाट अडते, पंख्याची हवा खाली पोचत नाही. सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि पुढे कोरडे असेल, तर मात्र गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (गॅस नेणारी बारीक नळी) चोंदली आहे. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून कव्हर न काढता निदान सांगणाऱ्यावर आमचा विश्वास बसत नाही.

घरीही पडताळता येते. प्लग काढून दारे २४ तास उघडी ठेवा. नंतर फ्रिज काही दिवस छान चालला आणि पुन्हा तीच रड सुरू झाली, तर दोष डीफ्रॉस्टचा समजा, गॅस भरू देऊ नका.

गळती खरीच निघाली तर? गळका सांधा बुजवायचा, फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारी नळी) नवा घालायचा, नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप चालवायचा आणि लेबलवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजून भरायचे. आर-६००ए या गॅसवर चालणाऱ्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा १०० ग्रॅमही गॅस नसतो, त्यामुळे पाच-दहा ग्रॅमची चूकही कूलिंगमध्ये दिसते. शिवाय तो ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना ज्योत पेटवणाऱ्याला तिथेच थांबवा.

‘कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला’ हे सर्वांत महागडे वाक्य. दर काही मिनिटांनी टक् असा आवाज येऊन मशीन बंद पडत असेल, तर आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड (तो जास्त तापल्यास बंद करणारा भाग) तपासायला हवेत. प्लग आणि रिले काढून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रेझिस्टन्स मोजतात. साध्या कॉम्प्रेसरमध्ये दोन लहान रीडिंगची बेरीज मोठ्या रीडिंगइतकी भरते. इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या) कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही जवळपास सारखी येतात. हे माहीत नसलेला माणूस धडधाकट कॉम्प्रेसर भंगारात काढतो.

म्हणून कॉम्प्रेसर बदलायला होकार देण्याआधी ही तीन रीडिंग बिलाच्या मागे लिहून घ्या. पिनांमधून बॉडीत वीज उतरते का (मेकॅनिकच्या भाषेत ‘अर्थ’), तेही समोर तपासायला लावा.