‘फॉरमॅट मारा’ न म्हणणारा कॉम्प्युटरवाला

विंडोजचं अपडेट दर महिन्याला फेल होत असेल आणि त्याच कॉम्प्युटरवर तुमचं पोटापाण्याचं काम चालत असेल, तर नागपुरात बोलवावा असा एक माणूस मला सापडला आहे. मानेवाड्याकडे राहतो, घरी येऊन दुरुस्ती करतो. दुकान नाही, पाटी नाही, हाताखाली पोरगा नाही. आहे त्या गिऱ्हाइकांनाच वेळ पुरत नाही, म्हणून नाव-नंबर सगळीकडे टाकू नका असं त्याने स्वतःच सांगितलं, तेव्हा ते इथे देत नाही. त्याने काम कसं केलं ते मात्र सगळं लिहिते. तुमच्या ओळखीचा जो कोणी कॉम्प्युटरवाला असेल, त्याला त्यावरून नीट पारखता येईल.

मी नंदनवनात घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वास्तुपूजनाची कार्डं, कधी एखादी स्मरणिका. इतवारीतले प्रेसवाले मजकूर पाठवतात, मी लावून देते. कॉम्प्युटर जुळवून घेतलेला आहे: सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, कामाच्या फाइलींसाठी वेगळी हार्डडिस्क, आणि विंडोज १०. त्यावर मराठी टाइप करायची श्रीलिपी आहे, तिचं लॉक, म्हणजे ती चालायला लागणारी छोटी किल्ली, यूएसबीला लावलेलं. डिझाइनसाठी कोरल आहे. पानं लावायचं पेजमेकर ७ आहे, जे २००१ साली आलं आणि त्यानंतर पेजमेकरची पुढची आवृत्ती निघालीच नाही. माझा जुना सगळा मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांमध्ये आहे. तो फॉन्ट मशीनवर नसला की अख्खी पत्रिका इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा होऊन समोर येते. वधूचं नाव कुठलं आणि मुहूर्त कुठला, काही कळत नाही. त्यामुळे ‘फॉरमॅट’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षांचं काम येतं.

अपडेटची एवढी निकड का, तेही सांगते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना त्यापुढे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेटं मिळवायची सोय आहे, पण तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नोंदणीला विंडोज २२एच२ या आवृत्तीचं हवं आणि तोवरची अपडेटं बसलेली हवीत. अट पुरी झाली की सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. माझ्याकडे आवृत्ती बरोबर होती, लिंक मात्र येत नव्हती, कारण अपडेटच बसत नव्हतं. डाउनलोड व्हायचं, रीस्टार्ट व्हायचं, टक्के चढायचे आणि मग ‘अंडूइंग चेंजेस’ म्हणत सगळं मागे यायचं. घरात नुसता पिक्चर बघायचा कॉम्प्युटर असता तर एकवेळ चाललं असतं. माझ्याकडे प्रेसवाल्यांचे, शाळेच्या शिपायांचे, नवरदेवाच्या मामांचे पेन ड्राइव्ह येतात. सुरक्षेची अपडेटं नसलेल्या मशीनला ते लावणं मला मान्य नाही.

आधी मी सीपीयू बर्डीवरच्या एका दुकानात नेला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने मशीन चालू करूनही पाहिलं नाही. “मॅडम, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू, संध्याकाळी घेऊन जा.” फॉन्टांचं काय, लॉकचं काय, असं विचारलं तर म्हणाला, “ते तुम्ही परत टाकून घ्या.” परत टाकायला पेजमेकरची सीडी आज कुठल्या दुकानात मिळते? सीपीयू रिक्षात घालून मी परत आणला. प्रेसवाल्यांपैकीच एकाने मग या भावाचा नंबर दिला.

तो आला आणि आधी कॉम्प्युटरला नव्हे, यूपीएसला हात लावला. भिंतीचं बटण बंद केलं. मिनिटभरही न जाता यूपीएस किंचाळून मेला. “काकू, बॅटरी बदलल्याशिवाय मी अपडेटला हात नाही लावत. मधातच लाईट गेली तं आहे तेबी जाईन.” त्या दिवशी त्याने एवढंच केलं: सगळ्या कामाच्या फाइली आणि फॉन्टांचं फोल्डर माझ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, एसएसडीची तब्येत तपासली, आणि बॅटरी कुठली आणायची ते सांगून गेला. १२ व्होल्ट, ७ एएच, घरच्या लहान यूपीएसला लागते ती साधीच. तपासायला त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरला. डिस्कच मरायला टेकली असेल तर अपडेट दुरुस्त करत बसणं वाया जातं, म्हणून ते आधी पाहायचं. माझी ‘गुड’ निघाली. त्या खेपेचे त्याने पैसे घेतले नाहीत. मला हा माणूस तिथेच पटला.

बॅटरी बसल्यावर तो परत आला आणि अपडेट हिस्टरी उघडली. फेल झालेल्या प्रत्येक ओळीखाली एकच कोड होता, ०एक्स८००७३७१२. तो मला नीट समजावून सांगत होता, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कोड वेगळा तर रोग वेगळा. शेवटी ७००७० असेल तर डिस्कवर जागा नाही, फाइली हलवल्या की काम होतं. जानेवारी २०२४ च्या एका अपडेटला पुष्कळ लोकांना ०एक्स८००७०६४३ यायचा. त्यात रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागायची आणि ती नसायची. सी ड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही अपडेट का बसत नाही, म्हणून माणसं हैराण व्हायची. माझ्या कोडचा अर्थ असा, की विंडोज आपल्या स्वतःच्या फाइलींच्या प्रती ज्या साठ्यात ठेवतं, तो साठाच खराब झाला आहे. वादळात वीज गेली आणि नेमकं तेव्हा अपडेट चालू असलं, तर असं होऊ शकतं, असं तो म्हणाला. आपल्याकडे मे-जूनमध्ये वारा सुटला की लाईट जाते, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

आता बहुतेक जण काय करतात? अपडेटची सर्व्हिस बंद करायची, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन नावाच्या फोल्डरचं नाव बदलायचं, सर्व्हिस चालू करायची. माझ्या भाच्यानेही इंटरनेटवर बघून तेच केलं होतं. भाऊ म्हणाला, त्यात चूक काही नाही, पण त्याने फक्त अर्धवट उतरलेलं डाउनलोड पुसलं जातं. उतरवलेली फाइल खराब असेल तर गुण येतो, साठा खराब असेल तर नाही. तसंच विंडोजच्या फाइली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड. सगळे आधी तीच चालवतात. पण ती बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली प्रत आणते ती त्याच साठ्यातून. “कोठीतले गहूच किडले असन, तं दळण कायचं टाकान काकू?” म्हणून आधी डिझम या विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या साधनाची रिस्टोअरहेल्थ कमांड चालवून साठा दुरुस्त करायचा आणि मग एसएफसी, हा क्रम.

त्याने डिझम चालवलं. ६२ टक्क्यांच्या आसपास आकडा अडकून बसला. मला वाटलं हँग झालं. तो हात बांधून बसला होता. “इथं थांबतेच ते. बंद नाही करायचं.” खरंच पुढे सरकलं, पण शेवटी ०एक्स८००एफ०८१एफ देऊन थांबलं: दुरुस्तीसाठी लागणाऱ्या फाइली मिळाल्या नाहीत. मग त्याने सीबीएस नावाची लॉग फाइल, म्हणजे विंडोजने केलेल्या कामाची नोंदवही, नोटपॅडमध्ये उघडली. ती इतकी लांब होती की स्क्रोलची पट्टी नखाएवढी झाली. त्यात ‘करप्ट’ शब्द शोधत तो एकेक ओळ वाचत गेला, आणि कुठल्या पॅकेजच्या फाइली गायब आहेत ते मला बोट ठेवून दाखवलं. ते पॅकेज एका जुन्या महिन्याच्या अपडेटमधलं होतं. विंडोजच्या आयएसओमधून, म्हणजे विंडोज बसवायच्या अख्ख्या संचाच्या एका फाइलीतून, फाइली घेऊन डिझमला देता येतात, पण त्याच्याजवळच्या आयएसओमधल्या फाइली त्या अपडेटच्याही आधीच्या, म्हणून तो मार्ग बंद. गायब झालेली नेमकी कडी शोधणारा दुरुस्तीवाला मी पहिल्यांदा पाहिला.

मग उरला तो उपाय, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे: आहे त्या विंडोजवरच पुन्हा तेच विंडोज चढवणं, प्रोग्राम आणि फाइली जागच्या जागी ठेवून. यात पेन ड्राइव्हवरून बूट करायचं नसतं. चालू विंडोजमधूनच आयएसओ उघडायची आणि तिच्यातलं सेटअप चालवायचं. बर्डीवरच्या त्या दुकानात हा शब्दही कोणी काढला नव्हता.

तयारीला त्याने सेटअपपेक्षा जास्त वेळ दिला. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळे हवेत. माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये पत्रिकांचे पीडीएफ साचले होते, ते दुसऱ्या डिस्कवर गेले. बाहेरून टाकलेलं अँटिव्हायरस काढलं. प्रिंटर, स्कॅनर आणि श्रीलिपीचं लॉक, यूएसबीवरचं सगळं उपटलं, फक्त कीबोर्ड-माउस ठेवला. मग एक कमांड देऊन विंडोज मुळात कुठल्या इंग्रजीत बसवलं आहे ते पाहिलं, अमेरिकन की इंटरनॅशनल. आयएसओ त्याच भाषेची आणि त्याच एडिशनची (होम की प्रो) नसेल तर प्रोग्राम राखून ठेवायचा पर्याय फिका पडतो, दाबताच येत नाही. घाईत माणूस दुसरा पर्याय दाबतो आणि सगळी सॉफ्टवेअरं उडतात.

इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी त्याने माउस सोडला आणि मला म्हणाला, “काकू, तुम्हीच वाचा.” पडद्यावर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स’ असं लिहिलेलं होतं, समोर बरोबरची खूण. मी मोठ्याने वाचलं, मगच त्याने दाबलं. गिऱ्हाइकाला वाचायला लावणारा कारागीर मला तरी दुसरा माहीत नाही. पुढे मशीन आपोआप रीस्टार्ट होत राहिलं. तो चहा घेऊन तिथेच बसला, दुसऱ्या कामाला निघून गेला नाही. जुनं विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये दहा दिवस राहतं, काही बिघडलं तर तेवढ्या मुदतीत मागे जाता येतं, हेही त्याने सांगितलं. म्हणून ते फोल्डर जागा खातं तरी लगेच पुसायचं नाही.

चालू झाल्यावर लॉक लावलं, पेजमेकर उघडलं, एक जुनी पत्रिका काढली. वर ‘॥ गण गण गणात बोते ॥’, खाली ‘श्री गजानन प्रसन्न’, सगळी जोडाक्षरं जागच्या जागी. मी त्या फाइलीतली प्रत्येक ओळ तपासली, रफार, र्‍हस्व-दीर्घ, सगळं. एकही अक्षर हललं नव्हतं. त्यानंतर महिन्याचं अपडेट लावलं, ते पहिल्याच दणक्यात बसलं. थोड्या वेळाने नोंदणीची लिंकही आली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंगचा बॅकअप चालू केला तर नोंदणी फुकट होते, आम्ही तीच घेतली. पैसे भरायचा पर्यायही समोर असतो, घाईत तो दाबू नका.

विंडोज ११ बद्दल मी विचारलं. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय हवी. तपासणी चुकवून टाकायच्या युक्त्या आहेत, पण कामाच्या मशीनवर तो टाकत नाही. पुढची अपडेटं मिळतीलच याची खात्री राहत नाही, असं म्हणाला. मुदत संपायच्या आत दुसरं मशीन घ्या आणि श्रीलिपीची नवी आवृत्ती त्यावर घ्या, जुनं मशीन इंटरनेट काढून फक्त जुन्या फाइली उघडायला ठेवा, हा त्याचा सल्ला. त्याला यात विकायचं काहीच नव्हतं, म्हणून मला तो खरा वाटतो.

त्याने एकूण हजार रुपये घेतले. फॉरमॅटसाठी दुकानं जे सांगतात त्यापेक्षा थोडे जास्त, पण मला ते कमीच वाटले.

उणंही आहे. वेळ पाळत नाही. सकाळी येतो म्हणाला आणि दिवेलागणीला आला, मधे फोनही नाही. लग्नसराईत अर्धा दिवस मशीन बंद ठेवून वाट पाहणं परवडत नाही, त्यामुळे त्याला बोलवायचं तर कामाच्या गर्दीआधी बोलवा. पावती देत नाही, काय काय केलं तेही लिहून देत नाही. मी वही पुढे केली तेव्हा लिहिलं, आणि अक्षर सुरेख निघालं. आणखी एक गोष्ट त्याने आधी सांगायला हवी होती: या दुरुस्तीनंतर प्रिंटरमध्ये मी तयार करून ठेवलेले पत्रिकेच्या कागदांचे आकार गेले, आणि पीडीएफ कशात उघडायचं तेही बदललं. आकार परत टाकायला पट्टी घेऊन बसावं लागलं. असं काही करून घेणार असाल तर प्रिंटरच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो आधी काढून ठेवा, आणि यूपीएसची बॅटरी तो यायच्या आधीच तपासून घ्या.