गावाच्या सांडपाणी प्लांटसाठी घेतलेली टेक्निकल मदत, आमचा अनुभव

छोट्या गावात एकच ऑपरेटर असतो, तोच पाण्याची मोटर बघणार, तोच गटार तुंबलं की धावणार, त्यामुळे गावोगाव फिरून प्लांट चालवायला टेक्निकल मदत करणारी सर्व्हिस खरंच हवी आणि आम्हाला मिळालेली चांगली निघाली. आलेल्या माणसाने लगेच नवीन मशीन घ्या असं काही सांगितलं नाही, आधी एरेशन टँकमधलं (सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी एक लिटरच्या मापात भरून ३० मिनिटं ठेवलं आणि गाळ किती खाली बसला ते आमच्या ऑपरेटरलाच वाचायला लावलं, हे मला सगळ्यात आवडलं. मग ऑक्सिजन मीटर टाकला, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण २ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा लागतो, आमचा बराच कमी होता कारण डिफ्युझर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) चोक झालेले. ते साफ केल्यावर वास गेला. बीओडी टेस्टला (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याची टेस्ट) ३ ते ५ दिवस लागतात, तेवढं थांबत बसायचं नाही, गाळाची टेस्ट रोज करून जास्तीचा गाळ कधी काढायचा ते ठरवायचं, हेही नीट शिकवलं. तक्रार एवढीच की लेखी रिपोर्ट फार उशिरा आला, फंडसाठी अर्ज करायचा असेल तर तो पहिल्याच दिवशी मागून ठेवा.